चिमणीपासून मोजायला शिका: खिडकीतून आणि गावाबाहेर पक्षी कसे बघावेत

पक्षीनिरीक्षण सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी दुर्बीण घेतात, मग जाडजूड पुस्तक, मग लांबच्या अभयारण्याची सहल. तिथे कुणी जाणकार सकाळभरात साठ नावं सांगतो. संध्याकाळपर्यंत त्यातली चार आठवतात, आणि महिन्याभरात दुर्बीण कपाटात जाते. मीसुद्धा याच वाटेने गेलो होतो. परत आलो तो एका कंटाळवाण्या आजारपणात, खिडकीशी पडून राहावं लागलं तेव्हा. समोर कावळे, साळुंक्या, बुलबुल आणि चिमण्या, बाकी काही नाही. तीन आठवडे तेच बघितले, आणि त्यानंतर बाहेर पडलो तर नवा पक्षी आपोआप वेगळा दिसायला लागला होता.

म्हणून माझं सांगणं उलटीकडून आहे. आधी घराजवळचे दहा-बारा नेहमीचे पक्षी इतके ओळखीचे करून घ्या की पाठमोरे दिसले, उडताना दिसले, अर्धे पानाआड असले तरी चुकणार नाहीत. बाकीचे सगळे पक्षी या दहा-बारांच्या मापाने मोजायचे असतात.

पहिले पंधरा दिवस दुर्बिणीशिवाय

खिडकी, गॅलरी, गच्ची, अंगण, जे असेल ते. एक जागा ठरवा आणि रोज पंधरा मिनिटं तिथे बसा. सूर्योदयानंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी तेव्हा खाण्याच्या मागे असतात, आणि वारा पडलेला असल्याने आवाजही लांबून ऐकू येतात. दुसरी वेळ सूर्यास्ताआधीचा तास-दीड तास. भर दुपारी झाडं चिडीचूप होतात, पण तेव्हा वर बघा. जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की घारी तिच्यावर स्वार होऊन पंख न हलवता गोल गोल उंच जातात. सकाळी लवकर त्या अशा तरंगताना सहसा दिसत नाहीत.

या पंधरा दिवसांत पुस्तक उघडायचं नाही. एकच काम करायचं: एका वेळी एकच पक्षी धरायचा आणि तो नजरेआड होईपर्यंत सोडायचा नाही. बुलबुल घ्या. तो फांदीवर कुठे बसतो, टोकाला की आत? फळ खातो तेव्हा चोचीने टोचतो की अख्खं गिळतो? शेपटीखालचा लाल रंग नक्की कधी दिसतो? चिमणा आणि चिमणी यांत फरक काय? नराच्या डोक्यावर करडी टोपी आणि गळ्याखाली काळा डाग असतो, मादीला दोन्ही नसतात. हे आपण लहानपणापासून बघतो, पण मी विचारलेल्या दहा मोठ्या माणसांपैकी दोघांना सांगता आलं.

कावळ्यापाशीही थोडं थांबा. मान करडी असेल तर तो गावकावळा, सगळाच काळाभोर आणि चोच जाड असेल तर डोमकावळा. आपण ज्याला नुसतं ‘कावळा’ म्हणतो ते दोन वेगळे पक्षी आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी कळणं ही खरी सुरुवात.

आधी माप, मग घाट, रंग सगळ्यात शेवटी

नवखा माणूस पहिल्यांदा रंग सांगतो: “काहीतरी निळं होतं.” रंगावर सगळ्यात कमी विसंबायचं असतं. सावलीत शिंजीर काळा दिसतो, उन्हात आला की जांभळा चकाकतो. नीलपंख तारेवर बसलेला असताना मळकट तपकिरी वाटतो, उडाला की पंखांतला निळा रंग बघून माणूस चकित होतो.

वंचकाइतका चांगला धडा मात्र कुणी देत नाही. तळ्याच्या काठावर चिखलाच्या रंगाचा, मान खांद्यात ओढून घेतलेला हा पक्षी तुमच्यापासून दहा पावलांवर असतो आणि तुम्हाला तिथे फक्त एक ढेकूळ दिसतं. तुम्ही अकरावं पाऊल टाकता, ढेकूळ ओरडून उडतं, आणि हवेत पांढरेशुभ्र पंख उघडतात. वीस पावलांवर उतरून पंख मिटले की परत ढेकूळ. रंगावर गेलात तर वहीत एकाच पक्ष्याची दोन वर्णनं होतील.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा माप. त्यासाठी चार मोजपट्ट्या पाठ करा: चिमणी साधारण 15 सेंटिमीटर, साळुंकी 23, कावळा 43, घार 60. प्रत्येक नवीन पक्षी या चौघांच्या मध्ये कुठेतरी बसवायचा: ‘चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान.’ दूर एकट्या पक्ष्याचं माप फसवतं, शेजारी ओळखीचा पक्षी बसलेला असेल तर नशीब समजा.

मग घाट. गुबगुबीत की सडपातळ, मान आहे की नाही, पाय किती लांब. चोच बघा, कारण तो काय खातो हे चोच सांगते: दाणे फोडणारी आखूड जाड, किडे टिपणारी बारीक, मांस फाडणारी आकडीसारखी. शेपटी बघा: दुभंगलेली, टोकदार, गोल, उभारलेली. आणि शेवटी ढब. धोबी जमिनीवर चालताना शेपटी सारखी खालीवर करतो. वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेतच माशी धरतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन बसतो. मधमाशी पकडली असेल तर गिळण्याआधी ती फांदीवर आपटून, घासून तिचा डंख काढून टाकतो. एकदा हे बघितलंत की पुढे दोनशे पावलांवरून, रंग न दिसताही, झेप आणि परतणं एवढ्यावर तो ओळखता येतो.

माझी एक फजिती सांगतो. कितीतरी महिने मी माझ्या वहीत ‘शिक्रा’, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी, असं लिहीत होतो. करडी पाठ, छातीवर आडव्या रेषा, शेपटीवर पट्टे, आणि तो आला की चिमण्यांची पळापळ. एके दिवशी त्या ‘शिक्र्या’ने माझ्यासमोर फांदीवर बसून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणायला सुरुवात केली. तो पावशा होता, कोकिळेच्या कुळातला. त्याचं रूप आणि उडणं शिकारी पक्ष्यासारखं असतं, त्यामुळे छोटे पक्षी फसतात, आणि माझ्यासारखेही. चोच नीट बघितली असती तर चूक झाली नसती. शिक्र्याची चोच आखूड आणि खाली वळलेली, पावशाची बरीच सरळ.

तारांवरची आणखी एक नेहमीची गफलत: भिंगरी आणि पाकोळी. दोघीही हवेत किडे टिपत भिरभिरतात. तारेवर रांगेत बसलेली दिसली ती भिंगरी. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की तिला तारेवर बसता येत नाही, ती भिंतीला किंवा छताला चिकटून लटकते. हवेत असताना पाकोळीचे पंख विळ्यासारखे वाकलेले दिसतात.

वही: नाव नंतर, वर्णन आधी

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पाऊस पडला तरी पेन्सिलीचं लिखाण फुटत नाही. पक्षी समोर असतानाच लिहायचं, नंतर नाही. चित्रकला येत नसली तरी एक अंड्यासारखा आकार काढा, त्याला डोकं, चोच, शेपटी जोडा आणि जिथे खूण दिसली तिथे बाण काढून शब्द लिहा. माझ्या वहीतली एक जुनी नोंद अशी आहे:

‘सकाळी 7.10. कुंपणाच्या झुडपात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. चिमणीपेक्षा लहान. पाठ हिरवट, कपाळ तांबूस, पोट मळकट पांढरं. शेपटी सारखी उभी. एक क्षण स्थिर नाही. आवाज अंगाच्या मानाने भलताच मोठा: टुविट टुविट टुविट.’

तेव्हा नाव माहीत नव्हतं. संध्याकाळी पुस्तकात शिंपी सापडायला दोन मिनिटं लागली, कारण सगळं लिहिलेलं होतं. उलट, आधी पुस्तक उघडलं की डोळे पुस्तकातलं चित्र पक्ष्यावर चिकटवायला लागतात, आणि नसलेली खूणही ‘होती बहुतेक’ असं वाटायला लागतं. हा मोह जुन्या लोकांनाही सुटत नाही.

नाव नाही सापडलं तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहून सोडून द्या. माझ्या वहीत अशा नोंदी भरपूर आहेत, त्यातल्या काही सहा-सहा वर्षांनी सुटल्या.

कानाने बघणं

झाडी दाट असेल तर दिसण्याआधी पक्षी ऐकू येतो, आणि पुष्कळदा फक्त ऐकूच येतो. आवाज लक्षात ठेवायची आपली पद्धत जुनी आणि पक्की आहे: त्याला शब्द द्यायचे. पावशाचं ‘पेरते व्हा’ असंच आलंय. टिटवीचं नाव तर तिच्या ओरडण्यातूनच. भारद्वाज घुमल्यासारखा ‘हुप हुप हुप’ करतो. स्वतःचे शब्द शोधा, ते जास्त टिकतात.

आवाज ओळखायचा असेल तर एका दिवशी एकच धरा आणि त्या आवाजाच्या धन्यापर्यंत जाऊन पोचा. तांबटाची ‘टुक टुक टुक’ शोधायला गेलात तर घाम निघेल. एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज येत राहतो, पण कधी डावीकडून वाटतो, कधी उजवीकडून. तो बोलता बोलता डोकं इकडेतिकडे वळवतो, त्याचा हा परिणाम. निष्पर्ण फांदीचा उंच शेंडा तपासा. सापडला की गळ्याकडे बघा: चोच मिटलेली असते आणि प्रत्येक ‘टुक’बरोबर गळा फुगतो. हे एकदा बघितल्यावर तो आवाज आयुष्यात विसरत नाही.

फोनमधलं ‘मर्लिन’ अॅप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते वापरा, पण सुचवणी म्हणून. कोतवालासारखे पक्षी दुसऱ्यांच्या नकला करतात, आणि गोंगाटात अॅपही चुकतं. डोळ्यांनी पटल्याशिवाय वहीत चढवू नका.

दुर्बीण, आता

महिना-दोन महिने असे गेले आणि रस टिकला तर दुर्बीण घ्या. अंगावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 8×42. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सुरुवातीला 8×42 किंवा वजन कमी हवं असेल तर 8×32. दहापट घेण्याचा मोह होतो, पण तिच्यात हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो आणि दिसणारा परिसर अरुंद होतो, त्यामुळे झाडातला पक्षी सापडतच नाही. पक्षी बघायला वीसपट, तीसपट लिहिलेल्या हातात धरायच्या दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नका. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघून घ्या आणि डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबून किंवा दुमडून ठेवा.

ती आपल्या डोळ्यांना जुळवायची असते, हे मला पहिलं वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. मी तेवढा काळ किंचित धूसर पक्षी बघत होतो आणि दोष दुर्बिणीला देत होतो. जुळवणी अशी: दोन्ही नळ्या वाकवून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. समोर साधारण वीस मीटरवर बारीक अक्षरं असलेली पाटी निवडा. उजव्या भिंगावर पुढून हात ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता हात डाव्या भिंगावर ठेवा, मधल्या चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. ती कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

पक्षी भिंगात सापडत नाही ही सगळ्यांची तक्रार. कारण एकच, आपण दुर्बिणीकडे बघून ती उचलतो. नजर पक्ष्यावरच खिळवा, मान हलवू नका, आणि दुर्बीण नजरेच्या मध्ये आणा. आधी घरात बसून समोरच्या पाण्याच्या टाकीवर, खांबावर, अँटेनावर याचा सराव करा. सूर्याच्या दिशेने मात्र चुकूनही धरू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हातात देताना हे पहिलं सांगा.

घराजवळ पक्षी यावेत म्हणून

दाणे टाकण्यापेक्षा पाणी ठेवणं मला जास्त पसंत आहे. दाण्यांना ठरावीक पक्षीच येतात, पाण्याला जवळपास सगळे. मातीचं उथळ, पसरट भांडं घ्या. पाणी कडेला बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको, तळ खरखरीत हवा. गुळगुळीत असेल तर दोन चपटे दगड टाका. रोज पाणी बदला आणि भांडं घासा. शेवाळलेल्या भांड्यातून पक्ष्यांत रोग पसरतात, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच. भांडं झुडपापासून थोडं लांब ठेवा, म्हणजे मांजर दबा धरून बसली तर तिला मोकळी जागा ओलांडावी लागेल, आणि पक्ष्याला उडून झाडावर जाता येईल.

पक्षी आले की खिडकीच्या काचांचा धोका वाढतो. काचेत आकाश आणि झाडं दिसतात आणि पक्षी थेट येऊन आदळतात. एखादं ससाण्याचं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला ठिपके किंवा उभ्या पट्ट्या लावा, दोन खुणांत सुमारे 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. भांडं एकतर काचेला अगदी लागून, मीटरभराच्या आत ठेवा, नाहीतर चांगलं लांब. मधल्या अंतरात उडणाऱ्या पक्ष्याला वेग येतो. बुलबुल किंवा दयाळ काचेवर, गाडीच्या आरशावर चोच मारत बसला असेल तर तो विणीच्या काळात स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतोय. आरशावर फडकं टाका, भांडण मिटतं.

शोभेच्या झाडांपेक्षा एखादं फुलांनी मध देणारं, एखादं फळं देणारं आणि एक कोपरा न कापलेल्या झुडपाचा, एवढ्याने फरक पडतो. कीटकनाशक फवारणार असाल तर बाकीची तयारी वाया गेली म्हणून समजा. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात.

गावाबाहेर पडताना

लांबचं ठिकाण नको. चालत किंवा सायकलने पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. जिथे दोन प्रकारचे परिसर भेटतात तिथे पक्षी जास्त: शेत आणि झाडीची शीव, ओढ्याचा काठ, माळ आणि पाणथळ. तळं असेल तर प्रश्नच नाही.

सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी वाट आखा. उलट्या उजेडात सगळे पक्षी काळे. मळखाऊ रंगाचे कपडे घाला, पण कपड्यांपेक्षा हालचाल महत्त्वाची. हळू चाला, दर वीस-तीस पावलांनी थांबा आणि दोन मिनिटं नुसते उभे राहा. पक्ष्याकडे सरळ रेषेत जाऊ नका, तिरकं जा, त्याच्याकडे टक लावू नका. त्याने मान ताठ केली, खाणं थांबवलं की तिथेच थांबायचं. त्याहूनही चांगलं म्हणजे आपणच बसून राहावं. एका दगडावर अर्धा तास बसलात तर दहा मिनिटांनी परिसर तुम्हाला विसरतो. होले जमिनीवर उतरतात, चीरक शेपटी उभारून दगडावर येतो, सातभाईंची टोळी कुरबुरत पाचोळा उलटत जवळून जाते.

सोबत्याला पक्षी दाखवताना ‘तो बघ तिकडे’ म्हणण्याने काही होत नाही. झाडाला घड्याळ समजा: “मधल्या आंब्यावर, दोनच्या काट्याला, वाळक्या फांदीच्या खाली.”

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो घरटं, अंडी सोडून खोट्या शत्रूमागे धावतो. घरटं सापडलं तर दुरून बघा आणि निघून या. त्याच्यासमोरच्या फांद्या फोटोसाठी बाजूला केल्यात तर कावळ्याला वाट मोकळी करून दिलीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिची अंडी उघड्या जमिनीवरच जवळपास आहेत, पाय बघून टाका आणि आल्या वाटेने मागे फिरा.

आणि जमिनीवर पंख फुटलेलं पिल्लू दिसलं तर ते उचलून घरी आणू नका. पुष्कळ पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात, आईबाप जवळच असतात. मांजरीची, वाहनांची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात हा समज खरा नाही.

नोंदी कुठे ठेवायच्या

वही सोडू नका, पण जोडीला ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायला हरकत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने ऑडबॉन संस्थेच्या साथीने 2002 मध्ये ते सुरू केलं आणि आज जगभरातले लोक त्यात भर घालतात. तिथे किती वेळ बघितलं, किती चाललात आणि दिसलेले सगळे पक्षी, संख्येसकट, लिहायचे. कावळे-चिमण्या गाळायच्या नाहीत. कुठला पक्षी कमी होतोय हे कळतं ते नेहमीच्या पक्ष्यांच्या आकड्यांवरूनच. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते बघा आणि तेवढे तुकडे किती होतात ते मोजा. दर फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना असते, 1998 पासून. निदान पंधरा मिनिटं बघून यादी द्यायची. पहिली यादी भरायला ती चांगली संधी.

वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आखा: पक्षी, वर्षातली पहिली तारीख, शेवटची तारीख. पावसाळा सरत आला की पाहुणे धोबी उतरायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र वर्षभर इथेच असतो, त्याला त्यांच्यात मिसळू नका. पहिल्या वर्षी ही तारीख योगायोगाने मिळते. दुसऱ्या वर्षी ती तक्त्यात शोधा, त्याच्या आठ दिवस आधीपासून ओढ्याच्या दगडांवर नजर ठेवा, आणि तोवर दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असंही तारखेसकट लिहा.